समुद्रकाठच्या उपाहारगृहाची इमारत वादळात टिकावी कशी : जागेच्या निवडीपासून शटर ओढण्यापर्यंत

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची आणि हॉटेलांची छपरे उडाली आणि अनेक गावांत कित्येक आठवडे वीज आली नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ महाराष्ट्रात जमिनीवर न येताही किनाऱ्याला समांतर सरकत सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत नुकसान करून गेले. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ येऊन गेले होते. तरीही ‘आपल्याकडे वादळे येत नाहीत, ती ओडिशा-आंध्रात येतात’ या समजुतीवर कोकणात आजही इमारती उभ्या राहतात, आणि त्यातही समुद्राकडे तोंड करून चारी बाजूंनी उघडी असलेली उपाहारगृहे सर्वांत जास्त धोक्यात असतात.

हा लेख रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या गोव्याच्या किनाऱ्यावर पन्नास ते शंभर माणसे बसतील एवढे एकमजली उपाहारगृह बांधू पाहणाऱ्यांसाठी आहे. येथे दिलेले आकडे संरचना अभियंत्याची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र अभियंत्याला काय विचारायचे आणि ठेकेदाराचे कोणते काम उभे राहून पाहायचे, हे मालकाला त्यांवरून कळेल. लेखातील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच धोरण आहे. सगळी इमारत सारख्याच ताकदीची बांधण्याचा हट्ट धरू नये. कोणता भाग राहिलाच पाहिजे आणि कोणता गेला तरी चालेल हे नकाशा काढण्यापूर्वी ठरवावे, आणि जो जायचा आहे तो जाताना राहणाऱ्या भागाला सोबत ओढून नेणार नाही, अशी रचना करावी.

जागा : कायद्याची रेषा आणि पाण्याची रेषा

किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पाडते. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागात उच्चतम भरती रेषेपासून ५० मीटरपर्यंत आणि त्याहून विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. ही तरतूद त्या त्या ठिकाणचा नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यानंतर लागू होते, त्यामुळे आपल्या गट क्रमांकावर कोणती रेषा कोठून जाते हे मंजूर आराखड्यावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय जमिनीचा इसारा देऊ नये. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा शेजाऱ्याने बांधलेले हॉटेल हा परवानगीचा पुरावा ठरत नाही. वाळूच्या टेकड्या या अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात. ‘समुद्र दिसावा’ म्हणून त्या सपाट करणे हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय लाटेला अडवणारा पहिला बांध स्वतःच्या हाताने काढून टाकण्याचा प्रकारही आहे. टेकडीवरची मर्यादवेल आणि केवडा तसाच राहू द्यावा आणि गिऱ्हाइकांच्या ये-जा करण्यासाठी वरून लाकडी पायवाट न्यावी.

कायद्याने बांधता येते म्हणजे ती जागा सुरक्षित आहे, असे नाही. वादळात समुद्राची पातळी तीन गोष्टींनी वाढते : त्या वेळची भरती, वाऱ्याने आणि कमी दाबाने फुगलेले पाणी, आणि त्यावर स्वार झालेल्या लाटा. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि दक्षिणेकडे हा आकडा कमी होत जातो. वादळ ओहोटीला आले की भरतीला आले, यावर निम्मा निकाल अवलंबून असतो. म्हणून जोत्याची उंची ‘रस्त्यापासून दोन फूट’ अशी ठरवू नये. मोजणीदाराकडून सरासरी समुद्रसपाटीच्या संदर्भाने जागेची पातळी काढून घ्यावी आणि गावातील जुन्या मच्छीमारांना विचारून आजवर पाणी सर्वांत वर कोठपर्यंत आले होते, त्या खुणा त्याच मोजणीत घ्याव्यात. खाडीच्या मुखाजवळची जागा विशेष फसवी असते, कारण तेथे समुद्राचे पाणी आत शिरत असतानाच डोंगराकडून पावसाचे पाणी खाली येत असते.

इमारतीचे तीन भाग करावेत

पहिला भाग गाभा. यात स्वयंपाकघर, कोठार, शीतकपाटे, विजेची खोली, शौचालये आणि गल्ला येतो. ही आरसीसी चौकट आणि स्लॅब असलेली, दारे-खिडक्यांच्या उघड्या जागा लहान असलेली, शक्यतो चौरसाकडे झुकणारी पेटी असावी. वादळानंतर दहा दिवसांत चूल पेटावी असे वाटत असेल, तर हा भाग शाबूत राहणे अनिवार्य आहे. कर्मचाऱ्यांना अखेरच्या क्षणी आसरा घ्यावा लागला, तर तोही येथेच मिळतो. मात्र पाणी शिरण्याचा इशारा असेल, तर गाव सोडणे हाच मार्ग असतो.

दुसरा भाग छपराखालचे भोजनदालन. याची चौकट आणि छप्पर टिकले पाहिजे. फर्निचर, छतावरची सजावट आणि जमिनीची फरशी खराब झाली तरी चालेल.

तिसरा भाग समुद्राकडची बैठक : मांडव, लाकडी ओटा, पडदे, छत्र्या. हा भाग वादळाआधी उतरवून ठेवण्यासाठीच बांधायचा असतो. गोव्याच्या किनाऱ्यावरील खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या (शॅक) दर पावसाळ्यापूर्वी काढाव्या लागतात. ती सक्ती परवान्याची असली, तरी त्यातील शहाणपण कायमच्या इमारतीच्या मालकानेही उचलावे. झाप, कापड, बांबू यांचा मांडव चार माणसे अर्ध्या दिवसात सोडवू शकतात. तेथे पत्रा घालण्याचा मोह टाळावा, कारण सुटलेला पत्रा प्रथम आपल्याच दालनाची काच फोडतो आणि नंतर शेजाऱ्याच्या घरात घुसतो.

वाऱ्याचा हिशेब मालकालाही कळला पाहिजे

भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग, २०१५ ची आवृत्ती, हा वाऱ्याच्या भाराचा आधार आहे. त्यातील नकाशानुसार मुंबईचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे आणि पणजीचा ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा तीन सेकंदांच्या झोताचा वेग असतो, तर हवामान खाते वादळाचा जो वेग सांगते तो तीन मिनिटांची सरासरी असतो, म्हणून हे दोन आकडे समोरासमोर ठेवून ‘आपली इमारत निसर्गपेक्षा दीडपट भक्कम आहे’ असे समाधान करून घेऊ नये.

दाबाचे सूत्र सोपे आहे : वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर न्यूटनमध्ये येते, किलोसाठी त्याला ९.८ ने भागावे. उघड्या समुद्रासमोर अडथळा नसल्याने दहा मीटर उंचीपर्यंत वेग पाच टक्क्यांनी वाढवून घ्यावा लागतो. ४४ मीटरचा ४६.२ मीटर होतो आणि दाब येतो चौरस मीटरला साधारण १३० किलो. आता खरा प्रश्न दाबाचा नसून उचलीचा आहे. वारा छपरावरून वाहतो तेव्हा बाहेरून ओढ लागते. तिचा गुणांक सर्वसाधारण भागात ०.८ धरू. त्याच वेळी आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. भिंतींमधील उघड्या (दारे, खिडक्या यांच्या मोकळ्या जागा) पाच टक्क्यांहून कमी असतील, तर या आतल्या दाबाचा गुणांक ०.२ असतो, पाच ते वीस टक्के असतील तर ०.५, आणि वीस टक्क्यांहून जास्त असतील तर ०.७. समुद्राकडची संपूर्ण बाजू उघडी ठेवणारे दालन शेवटच्या वर्गात मोडते. म्हणजे त्याच जागी, त्याच वाऱ्यात बंद दालनाच्या छपराला चौरस मीटरमागे १३० किलो आणि उघड्या दालनाच्या छपराला १९५ किलो उचल लागते. रिपांसह मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते आणि पत्र्याचे छप्पर त्याच्या चौथाईवर असते, त्यामुळे ‘कौले जड आहेत, ती जाणार नाहीत’ हा भरवसा या हिशेबापुढे टिकत नाही.

हाच हिशेब एका खांबापर्यंत नेऊ. दालन सहा मीटर रुंद आणि खांब चार चार मीटरवर असतील, तर एका खांबाच्या वाट्याला बारा चौरस मीटर छप्पर येते. उचल होते २,३४० किलो. पत्र्याच्या छपराचे वजन वजा केले तरी दोन टनांहून जास्त ओढ उरते, आणि सुरक्षेचा गुणांक त्यावर वेगळा. हा खांब खाली दाबला जाणारा नसून जमिनीतून उपटला जाणारा आहे, हे बहुतेक ठेकेदारांच्या ध्यानातच नसते. म्हणून आराखडा हाती आला की अभियंत्याला एकच प्रश्न विचारावा : ‘एका खांबाला उचल किती धरली आहे, आणि ती कोणत्या उघड्यांसाठी?’ उत्तर दालन बंद धरून काढलेले असेल, तर ते दालन वादळात खरोखर बंद करता येते का, हा पुढचा प्रश्न.

या मानकात चक्रीवादळी किनाऱ्यासाठी एक जादा महत्त्व-गुणांकही आहे, पण तो पूर्व किनारा आणि गुजरात यांच्या साठ किलोमीटरच्या पट्ट्यासाठी सांगितलेला आहे. कोकणात तो लावण्याची सक्ती नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतील अरबी समुद्राची वागणूक पाहता गाभ्यासाठी १.१५ चा गुणांक आपणहून लावावा. तो वेगाला लागत असल्याने दाब सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो, परंतु आधीच आरसीसी असलेल्या लहान गाभ्यात त्याचा खर्च किरकोळ असतो. दालनालाही तो लावायचा की नाही, हे खिसा पाहून ठरवावे.

आकार आणि छप्पर

नकाशा शक्यतो साधा आयताकृती असावा आणि लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त नसावी. इंग्रजी एल किंवा यू आकाराच्या इमारतींच्या आतल्या कोपऱ्यात वारा कोंडतो. तसा आकार हवाच असेल, तर दोन स्वतंत्र आयत बांधून मध्ये हलकी जोडवाट ठेवावी.

चौपाखी छप्पर दुपाखी छपरापेक्षा निश्चितपणे चांगले टिकते, कारण त्याला वाऱ्यासमोर उभी राहणारी त्रिकोणी भिंत नसते आणि चारी बाजूंचे वासे एकमेकांना आधार देतात. उतार २२ ते ३० अंशांच्या दरम्यान असावा. सुदैवाने कौलारू कोकणी घराचा उतार साधारण याच टप्प्यात येतो. फार सपाट छपराला ओढ जास्त बसते, आणि फार उभ्या छपरावर वारा सरळ आदळतो.

आता कोकणातील खरी अडचण. वादळप्रतिबंधक बांधकामाचे सर्व मार्गदर्शन छपराचा पुढे आलेला भाग दीड फुटाच्या आत ठेवण्यास सांगते, कारण त्या भागाला वरून ओढ आणि खालून धक्का असा दुहेरी भार बसतो. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तीन फूट पागोळी पुढे आणल्याशिवाय चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत कोरडी राहत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. यावर आपल्याकडच्या जुन्या घरांतील पडवी हाच तोडगा आहे, फक्त तिची जोडणी बदलावी लागते. मुख्य छपराचे वासे भिंतीबाहेर दीड फुटावर थांबवावेत आणि पडवीचे छप्पर त्याच्या खाली, स्वतःच्या खांबांवर आणि भिंतीलगतच्या स्वतःच्या तुळईवर, वेगळे बसवावे. दोन्ही छपरांत एकही वासा किंवा पत्रा सलग नसावा. ‘दिसायला बरे’ म्हणून एकाच उतारात ओढलेली पडवी वाऱ्याने उचलली की मुख्य छपराची कड उघडी पडते, आणि छप्पर नेहमी कडेपासूनच सोलले जाते. पावसाचे पाणी दोहोंमधल्या फटीतून आत येऊ नये म्हणून तेथे पत्र्याची पातळ पट्टी लावता येते. ती हलकी असावी आणि फक्त मुख्य छपराला अडकवलेली असावी.

कडा, कोपरे आणि आढे यांना मधल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट ओढ बसते. पत्र्याच्या छपराला कडेपासून साधारण एक मीटरच्या पट्ट्यात पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे दांडे) जवळ जवळ घ्यावेत आणि प्रत्येक पन्हळीच्या माथ्यावर स्क्रू मारावा. मधल्या भागात एकाआड एक पन्हळ पुरते. वॉशर रुंद आणि रबरी गादीचा असावा, कारण पत्रा बहुधा स्क्रूसकट निघत नाही, तो स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून निघतो. या कारणासाठीच ०.५ मिमीपेक्षा पातळ पत्रा घेऊ नये. कौले असतील तर कडेच्या दोन-तीन रांगांतील आणि आढ्याजवळचे प्रत्येक कौल भोकातून गंजरोधक तार ओवून रिपेला बांधावे. गाभ्यावर कौलांचे रूप हवे असेल, तर खाली उतरता स्लॅब ओतून वर कौले बसवणे सर्वांत निर्धास्त.

आढ्यापासून पायापर्यंत सलग लोखंड

छपराची उचल जमिनीपर्यंत पोहोचवण्याचे काम ज्या जोडण्या करतात, त्यांतली सर्वांत कच्ची जोडणी म्हणजेच इमारतीची ताकद. पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला, पट्टा खांबाला आणि खांब पायाला, असा प्रत्येक सांधा नकाशावर वेगळा काढून घ्यावा. कैचीचा पाया पट्ट्यात ओतताना बसवलेल्या बोल्टने धरलेला असावा. नंतर भोक पाडून ठोकलेला खिळा किंवा नुसती बांधलेली तार चालत नाही. लाकडी वाशांना भिंतीवरील पाटाशी जोडताना खिळ्याऐवजी वाशावरून फिरवलेली पट्टी वापरावी. खिळा सरळ वर ओढला की निघतो, पट्टी निघत नाही.

चिऱ्याच्या बांधकामाबद्दल स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे. जांभा दाब उत्तम घेतो, ताण जवळजवळ घेत नाही. भिंतीच्या माथ्यावर बोल्ट पुरून छप्पर त्याला बांधले, तर छपराबरोबर चिऱ्याचे वरचे दोन थरही जातात. म्हणून जोत्याच्या, दारांच्या माथ्याच्या आणि छपराच्या पातळीवर सलग आरसीसी पट्टे घ्यावेत आणि कोपऱ्यांत, भिंतींच्या सांध्यांत व मोठ्या उघड्यांच्या दोन्ही बाजूंना पायापासून वरच्या पट्ट्यापर्यंत उभ्या सळ्या काँक्रीटमध्ये न्याव्यात. कमी उंचीच्या इमारतींसाठी भारतीय मानक १५४९८ हेच सांगते. दालनाच्या उघड्या बाजूला चिऱ्याचे देखणे खांब हवे असतील, तर आत आरसीसी खांब आणि बाहेरून चिऱ्याचे आवरण हाच मार्ग आहे.

पाया आणि जोते

पुळणीच्या वाळूवर उथळ पाया धोक्याचा ठरतो, कारण लाटेचे पाणी इमारतीच्या कोपऱ्यांभोवती वेगाने वळते आणि तेथील वाळू काही तासांत उपसून नेते. मातीपरीक्षणाचा अहवाल घेतल्याशिवाय खोली ठरवू नये. धूप होण्याची शक्यता असलेल्या थराच्या खाली पाया गेला पाहिजे, आणि ते उघड्या खोदाईने जमत नसेल तर पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) घ्यावेत. वर काढलेल्या दोन टन उचलीचा येथे पुन्हा विचार करावा लागतो. १.२ मीटर चौरस आणि ४० सेंटिमीटर जाडीची पायाची गादी सुमारे १,४०० किलोची होते आणि तिच्यावरची मीटरभर माती आणखी दोन टनांहून जास्त वजन देते. कागदावर हे पुरेसे दिसते. पण भरतीचे पाणी वर चढून माती बुडाली की तिचे वजन जवळपास निम्म्यावर येते आणि वाळू वाहून गेली की ते उरतच नाही. हिशेब भिजलेल्या मातीवर करून मागावा, आणि सर्व गाद्या जोत्याच्या पातळीवरील तुळयांनी एकमेकींना बांधलेल्या असाव्यात.

लाट पोहोचू शकेल अशा पट्ट्यात भरीव उंच जोते बांधू नये. तेथे खांबांवर उचललेला गाभा आणि खालून पाणी निघून जाण्याची मोकळी जागा हवी. त्या मोकळ्या जागेत कोठार काढण्याचा मोह पहिल्या हंगामातच होतो, तो आवरावा. लाटेपासून दूर, पण पाणी साचणाऱ्या जागी मात्र दगडी तोंडाचे भरीव जोते चांगले काम देते.

खाऱ्या हवेतले काँक्रीट आणि लोखंड

वादळ दहा वर्षांनी येईल, खारी हवा रोज काम करते. काँक्रीटच्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे समुद्राच्या पाण्याचे तुषार झेलणारे काँक्रीट ‘अतितीव्र’ वर्गात मोडते : किमान एम ३५ प्रत, पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरमागे किमान ३४० किलो सिमेंट आणि सळईवर ५० मिमी आवरण. यातील आवरण हीच जागेवर सर्वांत जास्त हेळसांड होणारी गोष्ट आहे; फरशीचे तुकडे सळईखाली सारून भागवू न देता ठरावीक जाडीचे काँक्रीटचे ठोकळे आधीच पाडून घ्यावेत. खाडीची किंवा किनाऱ्याची रेती आणि खारट विहिरीचे पाणी काँक्रीटला वापरू नये. आरसीसीसाठी पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि पाण्याची तपासणी स्वस्त असते. क्षार आत शिरण्याला स्लॅग सिमेंट किंवा राखमिश्रित सिमेंट साध्या सिमेंटपेक्षा चांगला विरोध करते, मात्र त्याला पाणी मारण्याचे दिवस कमी करून चालत नाही.

उघड्यावरचे सर्व बोल्ट आणि पट्ट्या गरम जस्तात बुडवलेल्या किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाच्या असाव्यात. रंग लावलेले साधे लोखंड पाच पावसाळ्यांत आतून पोकळ होते, आणि ते नेमके पट्टीच्या मागे, न दिसणाऱ्या जागी होते. त्यामुळे प्रत्येक सांधा शिडीवरून दिसेल आणि पान्याने तपासता येईल, असा उघडा ठेवावा. छताला जिप्समचे आच्छादन ठोकून सांधे झाकू नयेत.

दारे, शटर आणि काच

दालन वादळात बंद करता आले पाहिजे, हे वर आलेच आहे. रोलिंग शटर सोयीचे असते, परंतु रुंद शटर वाऱ्याने पोटात वाकते आणि दोन्ही बाजूंच्या खाचांतून निसटते. एकसंध शटर तीन मीटरपेक्षा रुंद घेऊ नये. मोठी उघडी असेल, तर मध्ये काढता-घालता येणारा पोलादी खांब असावा, जो जमिनीतील खोबणीत आणि वरच्या तुळईत पिनने बसतो. शटर मागवताना खाचेतून न सुटणारी, टोकांना आकडे (हूक) असलेली पट्टी मागावी. जेथे शटर नाही तेथे १८ मिमीचे प्लायवूडचे फळे आधीच मापाने कापून, क्रमांक घालून आणि चौकटीत त्यांच्या बोल्टची भोके पाडून ठेवावीत. वादळाच्या आदल्या दिवशी तालुक्यात प्लायवूड मिळत नाही आणि सुतारही मिळत नाही.

कडक केलेली काच आघाताने दाणेदार होऊन पूर्ण गळून पडते आणि उघडी तयार होते. दोन काचांमध्ये पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी चौकटीत राहते. म्हणून समुद्राकडे लॅमिनेटेडच घ्यावी. दारे बाहेर उघडणारी असावीत. बाहेरच्या वाऱ्याने ती चौकटीवर अधिक घट्ट बसतात आणि गर्दीच्या वेळी आग लागली तरी सुटकेला सोपी जातात.

वारा कोणत्या बाजूने येईल, याचा अंदाज बांधून एकच बाजू भक्कम करू नये. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि केंद्र डोक्यावरून गेले, तर थोड्या शांततेनंतर वारा उलट्या दिशेने येतो. जमिनीकडची मागची दारेही तितकीच महत्त्वाची आहेत.

स्वयंपाकघर, गॅस, वीज, पाणी

गॅसचा भरलेला सिलिंडरही पुराच्या पाण्यात तरंगतो, कारण द्रवरूप गॅसचे वजन पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असते. सिलिंडरची खोली गाभ्याला लागून पण वेगळी, जाळीच्या दाराची आणि उंच ओट्यावर असावी. प्रत्येक सिलिंडर भिंतीतील कडीला साखळीने बांधावा. धुराड्याची नळी छपराला जेथे भेदते, तेथे छपराची कच्ची जागा तयार होते, म्हणून ती शक्यतो भिंतीतून काढावी.

मुख्य विद्युत फलक, जनित्र आणि शीतकपाटांचे कॉम्प्रेसर अपेक्षित पाण्याच्या पातळीच्या वर हवेत. दालनाची वीज आणि गाभ्याची वीज वेगळ्या मंडलांवर (सर्किटवर) असली, तर दालन भिजलेले असतानाही आत दिवा आणि पंप चालवता येतो. जनित्राला किती दिवसांचे डिझेल साठवायचे, हे निसर्गनंतरचे अनुभव डोळ्यांसमोर ठेवून ठरवावे. मासळीचा साठा मात्र जनित्राच्या भरवशावर ठेवू नये, तो वादळापूर्वी संपवावा. छपरावरची रिकामी प्लास्टिकची टाकी सहज उडते आणि भरलेली टाकी टनभर वजनाची असते, म्हणून ती पट्ट्यांनी बांधून गाभ्याच्या स्लॅबवर ठेवावी आणि वादळापूर्वी काठोकाठ भरावी. तेच पाणी पुढे पिण्याला लागते, कारण विहिरीत खारे पाणी उतरते. शौचालयाच्या वाहिनीला उलट प्रवाह रोखणारी झडप बसवावी.

झाडे

नारळ वाकतो, सहसा शेवटी मुळासकट जातो. पोफळ मधूनच मोडते. सुरूचे झाड वाळूत उथळ मुळांवर उभे असल्याने उपटते. यांपैकी कोणतेही झाड त्याच्या उंचीइतक्या अंतराच्या आत छपराजवळ नसावे. वाऱ्याला अडवायला पुढे उंडीसारखी किनाऱ्यावरचीच झाडे रांगेने लावावीत.

इशाऱ्यापासून शटर ओढेपर्यंत

हवामान खाते चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी देते, पिवळा इशारा ४८ तास आणि नारिंगी इशारा २४ तास आधी येतो. हे वेळापत्रक घेऊन कामाची वाटणी भिंतीवर लावलेली असावी आणि दर मे महिन्यात एकदा प्रत्यक्ष करून पाहावी. पूर्वसूचना आली की ताज्या मालाची खरेदी थांबवावी, डिझेल भरून घ्यावे आणि आगाऊ नोंदणी केलेल्या पाहुण्यांना कळवावे. पिवळ्या इशाऱ्याला मांडव उतरवावा. नावाची पाटी, कुंड्या, छत्र्या, वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे सुटे भाग आणि खुर्च्या गाभ्यात न्याव्यात. नारिंगी इशाऱ्याला मधले खांब बसवून शटर ओढावीत, प्लायवूडचे फळे बोल्टने आवळावेत, गॅस मुख्य झडपेवर बंद करावा, दालनाचे मंडल तोडावे आणि माणसांना सुरक्षित जागी पाठवावे. शेवटी बाहेर पडणाऱ्याने इमारतीच्या चारी बाजूंची आणि छपराच्या कडांची तारखेसह छायाचित्रे काढावीत. आगीच्या विमापत्रात वादळ आणि पूर यांचे संरक्षण, ज्याला विमा व्यवसायात ‘एसटीएफआय’ म्हणतात, समाविष्ट असेल, तर दाव्याच्या वेळी हीच छायाचित्रे उपयोगी पडतात. ते संरक्षण विमापत्रात आहे की वगळले आहे, हे पावसाळ्यापूर्वीच वाचून घ्यावे.

वारा थांबल्यावर प्रथम गॅसच्या खोलीची दारे उघडून हवा खेळू द्यावी, आणि महावितरणची वीज आली तरी फलक कोरडा असल्याची खात्री तारतंत्रीने केल्याशिवाय मुख्य खटका वर करू नये. त्यानंतर शिडी लावून कडेच्या एक मीटर पट्ट्यातील प्रत्येक स्क्रू आणि कैचीचा प्रत्येक बोल्ट पान्याने तपासावा. छप्पर जागेवर दिसत असले तरी वॉशरभोवतीची भोके लांबट झालेली असतील, तर तेवढे पत्रे पुढच्या हंगामापूर्वी बदलावेत.